माणसावर बोजा: मिसिसिपीकाठच्या गुलाममळ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या लुइझियानातील, म्हणजे मिसिसिपी नदीच्या मुखाकडच्या मुलखातील, मळे आणि तिथली गुलामगिरी यांवर लेख छापला होता. १७१८ मध्ये फ्रेंचांनी न्यू ऑर्लिन्स वसवले, १७६९ पासून प्रत्यक्ष कारभार स्पेनचा राहिला, मग तो प्रदेश पुन्हा फ्रान्सकडे गेला, १८०३ मध्ये अमेरिकेने हा सारा प्रदेश फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना घेतला आणि १८१२ मध्ये लुइझियाना राज्य झाले, असा त्या लेखाचा काळ. त्यावर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न (मखमलाबाद): आमच्याकडे मळा म्हणजे विहीर, चार-पाच एकर बागायत आणि तिथेच राहणारे घर. तुमच्या लेखात शे-दोनशे माणसे राबणाऱ्या जागेलाही मळाच म्हटले आहे. शब्द चुकला का?

उत्तर: शब्द तोकडा पडतो, हे मान्य. मराठीत दुसरा सोयीचा शब्द नाही, म्हणून ‘गुलाममळा’ म्हणू. दोन्हींतला फरक आकाराचा नाही. अमेरिकी दक्षिणेचे अभ्यासक साधारण वीस किंवा जास्त गुलाम बाळगणाऱ्याला मोठा मळेवाला धरतात, पण तो मोजणीच्या सोयीसाठी ठरवलेला आकडा आहे. खरा फरक असा, की आपला मळेकरी घरचे खाऊन उरलेले बाजारात नेतो. गुलाममळा उभा राहतो तो परदेशी बाजारासाठी काढलेल्या एकाच पिकावर. त्या पिकावरची पहिली प्रक्रियाही मळ्यातच होते: नीळ असेल तर हौद, ऊस असेल तर चरक आणि काहिली, कापूस असेल तर सरकी काढायचे यंत्र. म्हणून तो अर्धा शेती आणि अर्धा कारखाना असतो.

दुसरी गोष्ट पैशाची. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात वावरलेल्या माणसाला ती लगेच कळेल. न्यू ऑर्लिन्समध्ये ‘फॅक्टर’ नावाचा व्यापारी असे, म्हणजे आपला आडत्याच. तो मळेवाल्याला हंगामाआधी उचल देई, माल विकून देई, साधारण अडीच टक्के आडत कापून घेई आणि वर व्याज लावी. मळा बहुधा कर्जातच चाले. आता कर्जाला तारण काय? इथे आपल्या ओळखीचे कागद उपयोगी पडतात. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो तो जमिनीवर. लुइझियानात १८०६ च्या कायद्याने गुलाम ‘स्थावर मालमत्ता’ ठरवले गेले. त्याआधीच्या फ्रेंच कायद्यात ते जंगम होते, गुराढोरांसारखे. स्थावर ठरल्यावर माणूस जमिनीसारखा रीतसर गहाण ठेवता येऊ लागला. १८२७ मध्ये मळेवाल्यांनी स्वतःची बँक काढली. सभासदांनी जमीन आणि गुलाम तिच्याकडे गहाण टाकले, त्यावर रोखे निघाले, राज्य सरकार त्यांना जामीन राहिले आणि ते लंडनच्या बेअरिंग पेढीमार्फत युरोपात विकले गेले. मिसिसिपीकाठी ऊस तोडणाऱ्या बाईवरचा बोजा असा लंडनच्या कुणा गुंतवणूकदाराच्या तिजोरीत जाऊन बसे. मालक मेला किंवा बुडाला की जप्तीत पहिली विक्री तिची होई, कारण जमिनीपेक्षा माणूस लवकर विकला जाई. चांगला मालक मिळाला तर गुलामाचे बरे चालत असेल, असे काही पत्रांत लिहिले आहे. मालक कितीही सौम्य असला तरी हा बोजा त्याच्या स्वभावावर अवलंबून नव्हता.

प्रश्न (निफाड, ऊस आणि द्राक्ष उत्पादक): आमचा सुरू ऊस बारा महिने घेतो, आडसाली त्याहून जास्त. लुइझियानात थंडीत दव गोठते म्हणता. मग तिथे ऊस पिकत कसा होता? आणि साखर करताना नेमके काय करत?

उत्तर: निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. लुइझियानात पारा शून्याखाली जातो आणि उसाच्या शेकडो एकरांत शेकोट्या पेटवणे शक्य नसते. तिथे गुलामांच्या वाट्याला जे आले त्यातले बरेचसे या एका अडचणीतून आले.

लागण जानेवारी ते मार्च. तोड ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबर अखेरपर्यंत. म्हणजे पिकाला मिळाले जेमतेम नऊ-दहा महिने. शेंड्याकडचा भाग कच्चाच राही, म्हणून वाढे जरा खालूनच उडवावे लागत. खोडवा एक किंवा दोन, त्यापुढे फुटवा कमी पडे. बेण्याचा प्रश्न त्याहून मोठा. लागण जानेवारीनंतर, पण तोवर दहिवराने उभा ऊस मरणार. म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच चांगला ऊस पाचटासकट तोडून शेतातच रचून ठेवत. एका थराचे शेंडे आधीच्या थराच्या कांड्यांवर येतील, अशी कौलांसारखी रचना असे. वरच्या पाचटाने खालचे डोळे झाकले जात. या ढिगाला तिथे ‘मॅटलास’ म्हणत, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ गादी. ढीग सैल राहिला तर आत थंडी शिरते, ओला रचला तर आतून तापून डोळे कुजतात. पिकाचा मोठा हिस्सा असा बेण्यातच जाई. १८२० च्या दशकात रेघारेघांचा ‘रिबन’ ऊस पसरला. तो जुन्या जातींपेक्षा थंडी सोसणारा होता, त्यामुळे ऊस नदीच्या वरच्या अंगाला सरकला.

तोडणारा रुंद पात्याच्या, मागे आकडा असलेल्या कोयत्याने काम करी: आकड्याने पाचट सोलायचे, एका घावाने वाढे उडवायचे, दुसऱ्याने बुडख्याशी तोडायचे. कडक गारठा पडला की पुढचे काही दिवस कसोटीचे. गोठलेला ऊस थंड राहील तोवर गाळता येतो. ऊन पडून तो वितळला की कांडी चिरते आणि रस आंबू लागतो. आंबलेल्या रसाला दाणा धरत नाही. म्हणून गारठ्याची चाहूल लागताच उभा ऊस भराभर तोडून सरींत आडवा टाकत, वर पाचट घालत आणि जमेल तसा गाळत.

घाणा उभ्या तीन लाटांचा, बैलांवर किंवा खेचरांवर चाले. १८२२ नंतर वाफेची यंत्रे येऊ लागली. ऊस लाटांत हाताने सारावा लागे. रात्रीच्या पाळीत झोपेने डोळा लागला की बोटे लाटांत जात आणि हात ओढला जाई. कॅरिबियन बेटांवरच्या घाण्यांजवळ अशा वेळी हात तोडण्यासाठी कुऱ्हाड ठेवलेली असे, अशा नोंदी आहेत.

रस काहिलींत जाई. गुऱ्हाळ पाहिलेल्यांना पुढचे समजायला सोपे आहे. आपल्या गुऱ्हाळात बहुधा एकच मोठी काहील. तिथे चार-पाच काहिली एका रांगेत, मोठीपासून लहानापर्यंत, बांधीव चुलवणावर बसवलेल्या. जाळ सगळ्यांत लहान काहिलीखाली, आणि धूर-ज्वाळा बाकीच्यांखालून धुराड्याकडे. पहिल्या मोठ्या काहिलीला ‘ग्रांद’ म्हणत. तिथे रसात चुना घालून वर येणारी घाण काढत. पुढे ‘फ्लांबो’, मग ‘सिरो’, आणि शेवटी ‘बातरी’. आटलेला रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एका काहिलीतून दुसरीत ओतत नेत. बातरीत तो इतका दाट आणि तापलेला असे की अंगावर पडला तर चिकटून राही, पाण्यासारखा ओघळून जात नसे.

आपला गुळव्या पाक पाण्यात टाकून गोळी होते का ते पाहतो. तिथला रसकारागीर अंगठा आणि तर्जनी यांच्यात पाकाची तार ओढून पाही. चुना कमी पडला तर दाणा धरत नाही, जास्त झाला तर साखर काळवंडते. बातरी वेळेवर उपसली नाही तर करपते आणि सगळा पाक वाया. जाग्यावर उपसलेला पाक उथळ लाकडी पेट्यांत थंड करून दाणा धरू देत, मग बुडाला भोके असलेल्या मोठ्या पिंपांत भरत. मळी भोकांतून झिरपून खाली टाक्यात जमे. ‘हॉग्जहेड’ नावाच्या एका पिंपात सुमारे हजार पौंड, म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपास साखर बसे.

रस फार वेळ ठेवता येत नाही, ऊसही तोडून ठेवता येत नाही, आणि पाठीवर दहिवराची भीती. म्हणून गाळप सुरू झाले की घाणा दिवसरात्र चाले. दिवसाची तोड करून रात्रीची पाळी, असे सोळा-अठरा तास माणसे राबत, अडीच महिने. ऊसमळ्यांच्या भागात मृत्यू जन्मांपेक्षा जास्त होते. मळेवाले तरुण पुरुष जास्त विकत घेत, बायका कमी, आणि माणसे कमी पडली की नवीन आणत. उरलेल्या अमेरिकेत मात्र गुलामांची संख्या जन्मांमुळेच वाढत होती. ऊस वेगळा का ठरला, याचे उत्तर त्या अडीच महिन्यांत आहे.

लुइझियानात साखरेचा दाणा व्यापारी प्रमाणावर पहिल्यांदा पाडला तो १७९५ मध्ये एत्येन द बोरे याच्या मळ्यात. त्याआधी १७९१ मध्ये सेंट-डोमिंग्यूत, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी उठाव केला होता. जगातला सर्वांत मोठा साखर पुरवठादार अचानक बाजारातून गेला आणि तिथून पळालेले काही जाणकार लुइझियानात आले. एका ठिकाणी माणसे मुक्त झाली, त्यामुळेच दुसरीकडे तोच धंदा नव्या गुलामांवर उभा राहिला.

प्रश्न (दिंडोरी, साखर कारखान्यातून निवृत्त कामगार): आमच्या कारखान्यात रस आटवायला चार भांड्यांची रांग असते. ही पद्धत एका गुलामाने शोधली असे ऐकले. खरे का?

उत्तर: पद्धत लुइझियानातून निघाली हे खरे. शोधक गुलाम नव्हता. नॉर्बेर रिलिय हा १८०६ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मला. वडील गोरे, आई मुक्त कृष्णवर्णीय स्त्री. मूल आईच्या दर्जाचे, या कायद्यामुळे तो जन्मतः मुक्त. पॅरिसमध्ये शिकला, तिथे वाफेच्या यंत्रांचे शास्त्र शिकवले आणि १८४३ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले.

कल्पना तुम्ही रोज पाहिलेली: पहिल्या भांड्यात रस उकळून जी वाफ निघते ती वाया न घालवता दुसऱ्या भांड्याला तापवायला वापरायची. दुसऱ्या भांड्यातली हवा आणि वाफ ओढून दाब कमी केला की तिथला रस कमी तापमानाला उकळतो. तिसऱ्यात दाब आणखी कमी. एकाच वाफेचे काम तीन-चार वेळा होते, जळण वाचते आणि रस बंद भांड्यात कमी तापत असल्याने करपत नाही. पळ्यांनी उकळता पाक ओतणेही थांबते. भांडे गळले, म्हणजे झाकणाशी किंवा नळ्यांच्या सांध्याशी हवा आत शिरली, की पुढच्या भांड्याचे उकळणे मंदावते, हे तुम्हाला सांगायला नको.

यंत्राने काहिलीजवळचा माणूस भाजण्यापासून वाचला. तो गुलामीतून मात्र सुटला नाही. जळण वाचल्याने मळे वाढले आणि तोडीला माणसे आणखी लागली. रिलिय पुढे फ्रान्सला परतला आणि १८९४ मध्ये पॅरिसमध्ये वारला.

प्रश्न (पंचवटी): नदीकाठी मळे आणि मागे दलदल, असे तुम्ही लिहिले. गोदावरीकाठी तर उलट असते. नदी खाली, गावे वर.

उत्तर: बरोबर पकडलेत. गोदावरी नाशिकजवळ खडकात खोल गेलेली. पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले ते आपण पाहतो, पण काठापासून दूर गेले की जमीन चढतच जाते. मिसिसिपीच्या मुखाकडे जमीन सपाट आणि गाळाची. पूर काठावरून बाहेर पडला की जड गाळ काठाशीच पडतो, बारीक गाळ आणि पाणी मागे वाहून जाते. हजारो वर्षांत काठच उंच झाला. म्हणून नदीकाठची पट्टी सर्वांत कोरडी आणि सुपीक, तिथून मागे उतार आणि शेवटी सायप्रस झाडांची दलदल.

जमिनीची वाटणीही तशीच झाली. नदीवर काही ‘आर्पां’चे तोंड आणि मागे चाळीस आर्पां खोली. एक आर्पां म्हणजे सुमारे १९२ फूट, म्हणजे खोली सव्वादोन किलोमीटरच्या आसपास. प्रत्येकाला नदीवर धक्का हवा, म्हणून पट्ट्या अरुंद आणि लांब. आपल्या हद्दीपुढचा बांध मालकाने घालायचा आणि राखायचा, असा दंडक फ्रेंच काळापासून. माती उपसणारे हात गुलामांचेच. उसाची तोड संपली की बांधाची आणि चरांची कामे लागत, म्हणून त्यांना रिकामा महिना असा नसेच. एका हद्दीतला बांध फुटला तर खांडीतून शेजाऱ्याचेही शेत जाई.

मागच्या दलदलीचा दुसरा उपयोगही होता. पळून गेलेले गुलाम तिथे वस्त्या करून राहत, सायप्रसची लाकडे तोडून लाकूड गिरण्यांना विकत आणि मळ्यांतल्या नातेवाइकांशी संबंध ठेवत. त्यांतला प्रसिद्ध पुढारी सान मालो. स्पॅनिश सरकारने त्याला १७८४ मध्ये फाशी दिले.

प्रश्न (नांदगाव, शिक्षिका): आमच्या भागातून दरवर्षी ऊसतोडीला कुटुंबे जातात. मुकादमाची उचल, कोयता, फिटत नाही असा हिशेब. मुले वर्गात विचारतात, ही गुलामीच ना? काय सांगावे?

उत्तर: दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या तरच दोन्हींचा अन्याय नीट कळतो, म्हणून मुलांना फरक सांगावा.

उचलीने बांधलेला माणूस कर्जाने बांधलेला असतो. कर्ज फिटले, किंवा कायद्याने ते रद्द झाले, की तो सुटतो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशी कर्जे रद्द ठरवली. उचलीच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याचे किंवा कुठे जाण्याचे स्वातंत्र्य काढून घेणे हा गुन्हा आहे. पोरे कोयत्यासोबत नेली म्हणून ती मुकादमाच्या मालकीची होत नाहीत. लुइझियानातल्या गुलामाला फेडायला कर्ज नव्हतेच, तो स्वतःच दुसऱ्याच्या कर्जाचे तारण होता. व्हर्जिनियाने १६६२ मध्येच मूल आईच्या दर्जाचे असा कायदा केला होता, लुइझियानाच्या फ्रेंच कायद्यातही तेच. बाप मालक असला तरी मूल गुलाम. म्हणजे स्त्रीचे बाळंतपणही मालकाच्या हिशेबात जमेच्या बाजूला. हा फरक मुलांना सांगावा, आणि त्याच तासाला १९७६ च्या कायद्याचे नावही फळ्यावर लिहावे.

कामाच्या पद्धतीतही शिकवण्यासारखे आहे. ऊस, तंबाखू आणि कापूस यांवर बहुधा टोळीने काम चाले. पुढे एक ‘ड्रायव्हर’, तोही गुलामच, हातात चाबूक. त्याच्या वेगाने सगळ्यांनी ओळीत चालायचे, सूर्य मावळेपर्यंत. दक्षिण कॅरोलिनाच्या भातशेतीत मात्र अंगावर काम देत. एक ‘टास्क’ म्हणजे साधारण पाव एकर, आपले दहा गुंठे. तेवढे खुरपून झाले की उरलेला वेळ स्वतःचा. त्यात लोक परसात भाजी, कोंबड्या करत आणि विकत. हा मोकळा वेळ मालकाच्या दयेतून आला नव्हता. भाताची खाचरे, बांध आणि पाण्याची दारे सांभाळणे कसबाचे काम, त्यावर क्षणोक्षणी चाबूक घेऊन उभे राहता येत नाही.

प्रश्न (मालेगाव): गुलामगिरी कापसामुळे वाढली म्हणतात. कापूस वेचायला तर पूर्वीही माणसे लागत. नवीन काय झाले?

उत्तर: अडचण वेचणीची नव्हती, सरकीची होती. आतल्या प्रदेशात तग धरणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची रुई सरकीला घट्ट चिकटलेली असते. हाताने एक माणूस दिवसाला पौंडभर रुई काढी. १७९३ मध्ये एली व्हिटनीने दातेरी रुळाचे यंत्र केले. दाते बारीक फटींतून रुई ओढून घेत, सरकी मागे राही, आणि उलट फिरणारा ब्रश दाते साफ करी. दिवसाला पन्नास पौंडांपर्यंत रुई निघू लागली. सरकी काढणे स्वस्त झाले आणि पूर्ण भार वेचणीवर आला. रोज संध्याकाळी प्रत्येकाची टोपली वजन करून वहीत नोंद. कमी भरली तर फटके, जास्त भरली तर उद्यापासून तोच नवा आकडा. म्हणून माणसे जाणूनबुजून एका मापात वेचत.

आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर अमेरिकेने १ जानेवारी १८०८ पासून बंदी घातली, पण देशातला व्यापार चालूच राहिला. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसे व्हर्जिनिया-मेरीलँडसारख्या जुन्या भागांतून खालच्या दक्षिणेत हलवली गेली, कित्येकांना बेड्या घालून पायी. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये ३९ लाखांहून जास्त.

आपल्याकडच्या धाग्याविषयी: १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतले काही कापूस मळेवाले हिंदुस्थानात आणून प्रयोग केले. बहुतेक फसले, धारवाडकडे अमेरिकन जात टिकली. १८६१ ते ६५ च्या यादवीत अमेरिकन कापूस अडला तेव्हा मुंबईच्या बाजारात भाव चढले, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये कोसळले.

प्रश्न (कॉलेज रोड, कायद्याचा विद्यार्थी): गुलाम स्वतःला विकत घेऊ शके, असे लेखात एका ओळीत आले. प्रक्रिया काय होती?

उत्तर: हा हक्क स्पॅनिश काळातला, ‘कोआर्तासिओन’ नावाचा. गुलामाने मालकाकडे आपली किंमत ठरवून मागायची. मालक अडला तर न्यायालयात अर्ज. न्यायालय मूल्यमापक नेमी, एक गुलामाच्या बाजूचा आणि एक मालकाच्या, न जुळल्यास तिसरा. ठरलेली रक्कम एकदम किंवा हप्त्याने भरायची. भरली की नोटरीसमोर मुक्तिपत्र. पैसे कुठून? रविवारी आणि सणाच्या दिवशी बाहेर मजुरी, शहरात भाजी-पाव विकणे, शिवणकाम, सुतारकाम. यात बायका मोठ्या संख्येने सुटल्या, कारण न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात फेरी त्यांची असे. अडचण मूल्यमापनात येई. कसब जितके जास्त, तितकी किंमत जास्त. म्हणजे चांगला सुतार स्वतःला महाग पडे.

अमेरिकेच्या ताब्यात आल्यावर हे दार बंद होत गेले. १८०७ च्या कायद्याने मालकाच्या संमतीविना स्वतःला सोडवता येणे संपले, आणि मालकाला सोडायचे असले तरी गुलामाचे वय किमान तीस आणि आधीची चार वर्षे चांगली वर्तणूक, अशा अटी आल्या. लोकशाही स्वातंत्र्याचा जाहीरनामा घेऊन आलेल्या सरकारने राजाने दिलेला हक्क काढून घेतला. अभ्यासक्रमात हे सहसा येत नाही, आणि यायला हवे.

८ जानेवारी १८११ ला न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाला, ‘जर्मन कोस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऊसपट्ट्यात उठाव झाला. शार्ल देलाँद हा ड्रायव्हर त्याच्या पुढाऱ्यांत होता. काही शे लोक नदीकाठच्या रस्त्याने शहराकडे निघाले. दोन दिवसांत मळेवाल्यांची फौज आणि सैन्य यांनी तो चिरडला. मारलेल्यांची मुंडकी नदीच्या बांधावर खांबांना टांगली गेली, आणि मालकांना गमावलेल्या ‘मालमत्ते’ची भरपाई सरकारी तिजोरीतून मिळाली.

प्रश्न (नाशिक रोड, एम. ए. इतिहास): मळ्यांच्या मालमत्ता-याद्या अभ्यासायच्या आहेत. वाचताना काय सांभाळावे?

उत्तर: मालक मेला की नोटरी मळ्यावर जाऊन यादी करी: जमीन, इमारती, काहिली, गुरे आणि माणसे. आधी चलन पाहावे. फ्रेंच काळात लिव्र, स्पॅनिश काळात पेसो, पुढे डॉलर. एकाच तक्त्यात मिसळले तर सगळे निष्कर्ष चुकतात. मग किंमत एकट्याची की आई आणि मुले मिळून, हे पाहावे. फ्रेंच कायद्यात चौदा वर्षांखालचे मूल आईपासून वेगळे विकायला मनाई होती. १८०६ च्या कायद्यात ते वय दहा झाले. म्हणून वयाच्या रकान्यात दहाच्या आसपासचे आकडे दिसले की थांबून विचार करावा. ‘बंबारा’, ‘कॉंगो’, ‘मीना’ असे जमातींचे उल्लेख कारकुनाने ऐकून लिहिलेले असतात, कधी बंदराचे नावच जमात म्हणून येते. वये गोळाबेरीज असतात, तीस-चाळीसवर गर्दी दिसते. आजार आणि व्यंग यांचा रकाना सोडू नये. हातावरची जखम किंवा अंतर्गळ लिहिलेला असेल तर तो घाण्याचा आणि ओझ्यांचा इतिहास असतो. ‘पळालेला’ अशी नोंद असलेल्या माणसालाही बहुतेकदा किंमत लावलेली सापडते. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी अशा कागदांतून लुइझियानातल्या सुमारे एक लाख गुलामांच्या नोंदी संगणकावर आणल्या. सुरुवात त्यांपासून करावी, पण एखादी तरी यादी मुळातून वाचावी.

प्रश्न (शरणपूर रोड): आमच्या भागात पूर्वी आफ्रिकेतून सोडवलेले गुलाम राहत असे वडीलधारे सांगतात. ते या अमेरिकी मळ्यांवरचे का?

उत्तर: नाही, आणि ही गल्लत बऱ्याच ठिकाणी छापलेलीही आढळते. ते पूर्व आफ्रिकेतले. हिंदी महासागरातला गुलामांचा व्यापार वेगळा. गलबतांनी माणसे झांझिबारकडे आणि अरबस्तानाकडे नेली जात. झांझिबारमध्ये लवंगांचे मळे होते आणि तेही गुलामांवर चालत, त्यामुळे मळा आणि गुलामी यांचे नाते तिथेही होतेच. ब्रिटिश नौदलाने अडवलेल्या गलबतांवरची मुले मुंबईत उतरवली जात. त्यांतली काही नाशिकच्या शरणपूर इथल्या चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत आली. तिथे लिहिणे-वाचणे, लोहारकाम, सुतारकाम शिकवत.

१८६६ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा नाशिकची नऊ मुले त्यांच्याबरोबर होती. नाशिकमध्येच शिकलेला जेकब वेनराइट त्यांना नंतर येऊन मिळाला. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्याने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरले. सोबत्यांनी देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणला आणि वेनराइट तो घेऊन इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या अंत्यविधीला तो हजर होता. झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला तोही १८७३ मध्येच. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. १८७५ मध्ये मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाऊन वसले, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावाने. तिथे शिकवायला आणि लोहार-सुतारकाम उभे करायला शरणपूरमध्ये वाढलेली माणसे गेली.